नावापुढे बेन

मी निघाले तेव्हा डहाणू रोडच्या फलाटावर पोहोचवायला आलेले सगळे अशी तोंडं पाडून होते, जणू मला इस्पितळात भरती करायला नेताहेत. आमचे हे चिकूची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. मुलगा सारखा म्हणत होता, "आई, दिवाळीपर्यंतच हं. नाही झेपलं तर लगेच परत." आणि मला मेलीला हसू आवरत नव्हतं! पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा एकटी निघाले होते, बडोद्याला, मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणून.

आमच्या चिखले गावातल्या माझ्या बायांनो, मागे तुम्ही काय काय बोललात ते आलंय बरं का माझ्या कानावर. "या वयात हिला काय सुचलं!" अगं, याच वयात सुचायचं! माझ्या आईची पाळी थांबली तशी तिने रंगीत लुगडी पेटीत घातली. "आता आपलं काय राहिलंय गो?" म्हणायची. अंगातून वाफा निघाल्या की मागल्या पडवीत पदराने वारा घेत बसायची, कुणाला सांगायची नाही. माझ्या वाफा सुरू झाल्या तेव्हा मीही तशीच वाडीत जाऊन बसायचे.

इथे मी घामाघूम झाले की पोरी जेवणाच्या हॉलमधून ओरडतात, "कुमुदबेन, पंखो फास्ट करूं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, ही कुमुद कोण! गावात मी धाकटी वहिनी, मग नितूची आई, आणि केस पिकले तशी एसटीच्या कंडक्टरचीसुद्धा आजी. ह्यांनी तर लग्नापासून 'अगं'शिवाय हाक मारलेली नाही. इकडे बाई विशीची असो की सत्तरीची, नावापुढे बेन लावतात आणि नाव शाबूत राहतं. स्कूटी शिकले, आपटले, परत बसले. नवरात्रात गुडघ्याला पट्टा बांधून गरबा खेळले!

दिवाळीला घरी आले तर सुनेने माझे कपडे परत लावायला कपाट रिकामं करून ठेवलेलं. "झाली ना हौस?" मुलगा म्हणाला. जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "मला परत जायचंय. तिथे मला माझं नाव आहे." हे ताटावरून उठले.

सकाळी ओट्यावर चिकूंनी भरलेली पिशवी. दाबून बघितले, सगळे कडक! घरात खायला कुणी असे आणत नाही, ते प्रवासाचेच, तिकडे पोचल्यावर पिकायचे. "तुझ्या पोरींना सांग, जरा धीर धरा," हे म्हणाले, वर न बघताच.

घर कुठलं गं तुझं आता, असं विचारता ना? परत निघाले त्या दिवशी फलाटावर मी पाण्याची बाटली घेत होते. मागून, अख्ख्या गर्दीत, ह्यांनी हाक मारली, "ओ कुमुदबेन, गाडी आली!"

या वेळी, ही कुमुद कोण, असं मला वाटलं नाही.