मागच्या भिंतीची पऱ्हाटी

आमच्या गल्लीत बाईची किंमत तिच्या पऱ्हाटीवरून ठरायची. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी. माघात ती उपटायची, बैलबंडीने घरी आणायची आणि वर्षभराचं जळण म्हणून मागच्या भिंतीला टेकवून रचायची. ज्या घरची गंजी उंच, त्या घरची बाई कामाची, असा साधा हिशेब. माझ्या सासूबाईंची गंजी थेट पत्र्याच्या वळचणीला लागायची. पाहुणे आले की त्यांना आधी मागच्या दारी नेलं जाई, चहा नंतर.

आमचं घर कुठे आहे तेही सांगते, म्हणजे माझा जीव कशाने टांगणीला लागायचा ते कळेल. देऊळघाटच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावातली शेवटची ओळ आमची. मागचं दार उघडलं की पऱ्हाटी, मग पायवाट, मग गुडघाभर कुसळीचं गवत, ते थेट डोंगरावरच्या जंगलापर्यंत. फाल्गुनात हे गवत असं वाळतं की त्यातून सरडा गेला तरी ऐकू येतो. माझं माहेर बीबी गावाकडचं, सपाट रानातलं. लग्नानंतर पहिल्यांदा डोंगराला लागलेला वणवा पाहिला तेव्हा मी घाबरून ओरडले. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अव, थो दरसाल लागते. डोंगरचा डोंगरातच इझते."

बरीच वर्षं तो डोंगरातच विझत राहिला. मग एका चैत्रात नाही विझला.

आमच्याकडे पेरणीआधी शेताचा धुरा, म्हणजे बांध, पेटवून साफ करायची रीत आहे. शेजारच्या काकांनी भर दुपारी धुरा पेटवला आणि निंबाखाली बिडी ओढत बसले. वारा फिरला. आग गवतात शिरली, डोंगरावर चढली, आणि वारा उलटला तशी खाली आली ती काकांच्याच गोठ्यावर. गोठ्यात कुटार, म्हणजे गुरांसाठीचा वाळका भुसा, भरलेलं. गाय तेवढी सोडता आली. गोठा जमिनीवर बसला तेव्हा आमच्या बादल्या भरत होत्या, वरातीमागून घोडं! काका दिसेल त्याला एकच सांगत होते, "म्या तं निस्ता धुरा पेटवला ना बाप्पा!" मला त्यांची दया आली आणि रागही आला. वारा जरासा आमच्याकडे झुकला असता तर आधी पऱ्हाटी, तिच्यावरून वळचणीची लाकडं आणि मग सगळं घर, एवढाच काय तो मधला वेळ होता.

पुढे वनखात्याचा एक गार्ड आला. त्याने पारावर माणसं जमवून नीट समजावलं. जळण आणि कुटार घराला टेकवू नका, लांब मोकळ्या जागी ठेवा. पत्र्यावरचा पाला झाडून काढा. गवत आणि घरं यांच्यामध्ये माती उघडी पडेल असा रुंद पट्टा खरडून ठेवा. धुरा पेटवण्यापेक्षा कापा. सगळे "हाव साहेब, हाव साहेब" म्हणाले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पुढच्या माघात सगळ्या गंज्या पुन्हा भिंतींना टेकल्या, आमची सगळ्यांत उंच.

मी नवऱ्याला म्हटलं, आईला सांगा. उधळलेल्या बैलाच्या शिंगांना हात घालणारा माणूस, पण म्हणाला, "तूच सांग ना व."

मग मीच सांगितलं. "आत्याबाई, पऱ्हाटी तिकडं खळ्यात ठेवू. अन् आता गॅस हाये ना घरात."

"थ्या गॅसच्या बाटलीचं भेव लागते मले. पऱ्हाटी तिथंच राहीन," त्या म्हणाल्या. मी आवाज चढवला, त्यांनी माझ्याहून चढवला. दोन्ही बाजूंच्या शेजारणी कान देऊन ऐकत होत्या. संध्याकाळी तूर निवडताना मात्र त्या आपणहून बोलल्या. खाली मान घालून, सुपाकडे बघत.

"तुले काय मालूम? मी या घरात आली तवा आपल्याजवळ वावर नव्हतं. डोंगरावरून मोळी आणो म्या. पोटुशी होती तवाही आणली. एकडाव पाय घसरला, मोळीसंगं पडली, लेकरू गेलं. मंग वावर झालं, पऱ्हाटी झाली. तवापासून डोंगरावर पाय नाही ठेवला. मागच्या दारी पऱ्हाटी दिसली का झोप लागते मले."

माझा राग जिरला. भीती मात्र जिरली नाही, कारण वाळल्या पऱ्हाटीला कोणाचं दुःख कळत नाही. रोज दुपारी वारा सुटला की मी मागच्या दारात जाऊन डोंगराकडे बघून यायची.

अशात होळी आली. आमच्या गावात होळीसाठी लाकडं चोरायची मुभा असते. मालकाने पाहिलं तर शिव्या खायच्या, नाही पाहिलं तर माल आपला. आणि एकदा होळीच्या ढिगात पडलेलं लाकूड कोणी परत काढत नाही; काढलं तर घराला दोष लागतो. सासूबाई त्या आठवड्यात मागच्या दारी बाज टाकून, हातात काठी घेऊन बसत. फक्त बाजाराच्या दिवशी त्या उठत, कारण साखरेच्या गाठींच्या बाबतीत दुसऱ्या कोणाची निवड त्यांना पटत नसे.

त्या बाजाराला गेल्या आणि मी होळीवाल्या पोरांना निरोप धाडला. आमची गंजी न्या म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "नाही काकू, आम्हाले जीव प्यारा हाये," एकजण म्हणाला. शेवटी पहिला भारा मीच कवटाळला आणि नाल्याकाठच्या रेतीत, होळीच्या ढिगावर नेऊन टाकला. मग काय, पोरांना जोर चढला. दुपार कलायच्या आत भिंत उघडी झाली. कित्येक वर्षांनी तिला ऊन लागलं असेल.

सासूबाई गाठी घेऊन आल्या आणि गावाने होळीच्या आधीच बोंब ऐकली. तशाच तरातरा ढिगापाशी गेल्या. एक काडी ओढायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. "देवाचं झालं," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चोट्टी! आता मोळी कोन आणीन?"

"म्या आणीन," मी म्हटलं. "तुमाले डोंगर नाही चढू देत. गळ्याची आण."

त्या दिवसापासून घरात माझं नावच चोट्टी पडलं. चोट्टे, पाणी भरलं का. चोट्टे, ढोरं आली का.

खरी गंमत पुढे झाली. आपली भिंत उघडी आणि शेजारणींच्या गंज्या ताठ, हे सासूबाईंना सोसवेना. काठी घेऊन त्या दारोदार निघाल्या. "माही गेली, तं तुमची काऊन राहिली? गार्ड का माह्या एकटीसाठी सांगून गेलता?" त्या दिवशी पारावर त्या पेंगत होत्या असं मी समजत होते; त्यांनी गार्डचं सगळं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं, वर आपल्या पदरच्या चार शिव्या. आमच्या ओळीत त्यांच्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही. पाडव्याच्या आत सगळ्या गंज्या नाल्यापलीकडच्या खळ्यात गेल्या. मग ज्यांचा गोठा जळला होता ते काका न बोलता बैल आणि वखर घेऊन आले आणि घरांमागच्या गवतातून पट्टा काढायला लागले. वखर जिथे पोचेना तिथे आम्ही बायका विळे-खुरपी घेऊन बसलो. माझ्या नवऱ्याने पत्र्यावर चढून पाला झाडला. आईने सांगितलं होतं ना!

वैशाखात वणवा आला. कोणी लावला ते कळलं नाही. भर दुपारी धूर दिसला आणि मग तो आवाज, वाळलेल्या गवताची तडतड. बंबाला आणि गार्डला फोन झाले. ढोरं सोडली, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना शाळेत पाठवलं. सासूबाई हलल्या नाहीत. ओली पोती आणि निंबाचे डहाळे घेऊन आम्ही पट्ट्याच्या अलीकडे उभे राहिलो. आग गवत खात खाली आली, पट्ट्यापाशी पोचली, कडेकडेने तोंड मारत फिरली, आणि पुढे खायला काही मिळेना तशी बसत गेली. ठिणग्या मात्र उडत होत्या. एक जळतं चिपाड आमच्या मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पडलं, बरोबर गंजीच्या जागी. नुसत्या मातीवर ते जरा वेळ धुमसलं आणि विझलं. मी ते पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. गरज नव्हती तरी त्यांनी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

बंब आला, वनखात्याची माणसं आली, राहिलेली आग त्यांनी विझवली. आमच्या ओळीतलं एकही घर गेलं नाही. काकांनी गायीच्या गळ्यात हात टाकून सगळ्यांसमोर रडून घेतलं, आणि त्यांना कोणी हसलं नाही.

उन्हं उतरली तरी सासूबाई मागच्या दारात उभ्याच होत्या. समोर डोंगर खालपासून वरपर्यंत काळा. "आता आण मोळी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या चिडल्या होत्या की हसत होत्या, कळेना. मी उंबऱ्यावरच बसून राहिले. आतून लायटरचा टकटक आवाज आला. थांबला, पुन्हा आला. मग भपकन गॅस पेटल्याचा आवाज, आणि "अव माय!" अशी हलकी किंचाळी. मी उठेपर्यंत आत भांड्यांचा आवाज सुरू झाला होता. थोड्या वेळाने त्याच चहाची कपबशी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर धरली.

"घे चोट्टे. साखर जास्त झाली असंन."