कारणाचा गोल रकाना

सदर इसम नमुना-मांडणी विभागात वर्ग तीनच्या पदावर अठरा वर्षे कार्यरत. काम: कार्यालयीन अर्ज आखणे, टंक निवडणे, रकाने सोडणे. वर्तणूक समाधानकारक. विशेष नोंद: विचार करतो. वैवाहिक स्थिती: विवाहित, पत्नी याच खात्यात, परंतु सहा वर्षांपासून दुसऱ्या गावी.

तत्त्वज्ञान वाचून माणसं फार तर जेवताना गप्प बसतात. या गृहस्थांनी ते अर्जांत उतरवलं. तक्रारअर्जातला 'मी' त्यांनी भिंग लागेल इतका बारीक छापला. अहंकार तेवढाच असावा, असं त्यांचं मत. मग बदलीच्या अर्जाची पाळी आली. प्रत्येक कारणामागे आणखी एक कारण असतं, ते सरळ ओळीत संपेल कसं? त्यांनी कारणाचा रकाना गोल आखला. ओळ फिरत फिरत आपल्याच शेपटाला येऊन मिळायची. साहेबांनी न बघता सही ठोकली. चाळीस हजार प्रती छापून झाल्या.

अर्ज वाचायला हेडक्लार्कबाईंना कागद गरागरा फिरवावा लागे. आठवड्याभरात त्यांची मान धरली.

"भाऊ, याची सुरुवात कुठून करायची हो?"

"कुठूनही. तेच तर म्हणायचंय."

"मग उद्यापासून करते," म्हणत बाईंनी गठ्ठा कपाटावर टाकला. तो तिथेच राहिला. त्यात खुद्द भाऊंचाही अर्ज होता, बायकोच्या गावी बदली मिळावी म्हणून. फार मन लावून भरला होता त्यांनी. तीन वेढे.

"अहो, सरळ रकाना आखायला काय होतं तुम्हाला?" बायकोनं फोनवर विचारलं.

"आखला गं. पण छापलेले संपल्याशिवाय नवा काढता येत नाही."

"किती उरलेत?"

"एकोणचाळीस हजार सातशे."



"आमच्याकडे अजून जुनेच अर्ज आहेत," ती म्हणाली. "तुमचा गोल इथवर पोचला नाही, नशीब माझं."

तिनं अर्ज केला. कारण: 'नवरा स्वतःहून येईलसं वाटत नाही.' एका ओळीत मावलं, वर जागा उरली. पंधरा दिवसांत मंजूर.

सदर इसमाच्या वैवाहिक स्थितीच्या नोंदीत आवश्यक ती दुरुस्ती करण्यात येत आहे. पत्नी मंगळवारी दोन बॅगा आणि एक टेबलफॅन घेऊन हजर झाली.

फॅन तिनं आपल्या बाजूला लावला.