पायगाडीचं माहेर

आमच्या आळीत विश्रामला दोन बायका आहेत असं म्हणायची पद्धत होती. एक आवडाबाई, बाळकुमच्या मिठागरवाल्यांच्या घरातली, रीतसर लग्न लावून आणलेली. दुसरी लोखंडाची, भंगारातून उचलून आणलेली. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते विचारू नये. विश्रामच्या घरासमोरच्या ओटीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला दिवसभर दुसरं काम तरी काय असतं?

विश्राम कल्याणच्या इंजिनशेडात तेलवाला होता. रेल्वे कल्याणला येऊन तेव्हा चाळीसेक वर्षं होत आली होती. बापाने शेत सोडून रुळांवर खडी टाकली आणि मुलाच्या हाती लांब चोचीची झारी आली. घाट चढणाऱ्या इंजिनांच्या सांध्यासांध्यांत तेल सोडायचं, फडक्याने हात पुसायचे, बाजूला व्हायचं. इंजिन शिट्टी देऊन निघून जायचं. एकदा संध्याकाळी माझ्या ओटीवर टेकला असता तो म्हणाला, "आप्पा, जनमभर दुसऱ्याच्या चाकांना तेल घातलं. चाकं गेली पुण्याला, नाशकाला. मी आपला तिथंच."

"मग जा की पुण्याला. तिकीट काढ."

"तसं नाय हो. आपण बोलू तवा चालंल, आपण बोलू तवा थांबंल, असं एक तरी चाक पायजे माणसाला."

मी तेव्हा हसलो होतो. पण हा माणूस बोलून विसरणाऱ्यांतला नव्हता.

शेडातल्या एका गोऱ्या साहेबाकडे पायगाडी होती. सायकल हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी बसायचा होता. दोन सारखी चाकं, त्यांवर भरीव रबराची धाव, मधे साखळी. साहेब तिच्यावरून स्टेशनापर्यंत जायचा तेव्हा कुत्री आणि माणसं सारख्याच उत्साहाने मागे धावायची. एका उन्हाळ्यात ती खड्ड्यात गेली, साखळी तुटली, मागच्या चाकाचा आस वाकला, साहेबाने मुंबईहून हवेच्या धावेची नवी आणली आणि जुनी शेडामागच्या भंगारात पडली. पुढे साहेबाची बदली झाली. तो जाताना विश्रामने ती त्याच्याकडून मागून घेतली आणि खांद्यावर टाकून घरी आणली. आवडाबाई दारातच उभी होती.

"हे काय?"

"पायगाडी."

"चालते?"

"चालंल."

"मग तवाच आत घ्या," ती म्हणाली. पण पायगाडी आत गेलीच.

आता विश्रामची काम करायची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं बिनसलं ते तिच्यापायी. शेडात इंजिन खोलताना जे पहिलं सुटेल ते पहिलं मांडायचं, दुसरं त्याच्या शेजारी, असं ओळीने. जोडताना उलटीकडून उचलत यायचं. ओळ हलली की इंजिन अडलं. त्याने घरीही तेच केलं. माजघरातल्या उगवतीकडच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरलं आणि पायगाडीचा एकेक अवयव सोडवून मांडत गेला. बारीक चकत्या आमटीच्या वाट्यांत, आरे सुपात. घासलेटाचा वास आमच्या घरापर्यंत यायचा. विटेची भुकटी आणि काथ्या घेऊन त्याने सगळा गंज उतरवला. बसायचं कातडं चांभाराकडून शिवून आणलं, मुठी सुताराकडून बाभळीच्या करून घेतल्या. वाकलेला आस शेडातल्या लोहाराने सरळ करून दिला.

राहिली साखळी, आणि आसात फिरणारे पोलादी छर्रे. ते इथं मिळत नव्हते. मुंबईच्या एका दुकानदाराने विलायतेहून मागवून देतो म्हणून सांगितलं. आगबोटीने येणार होते. आगबोट म्हणजे काही आपल्या खाडीतली होडी नव्हे की काठावरून हाक मारली आणि आली. आषाढ गेला, श्रावण गेला. विश्राम रोज शेडातून आला की गोणपाटापाशी बसायचा, प्रत्येक वस्तूला तेलाचं बोट लावायचा आणि ती होती तिथं परत ठेवायचा. जोडायला काही नव्हतं, पण बसायचा. खाडीच्या काठच्या हवेत लोखंडाला दोन दिवस विसरलं तर ते लाल होतं, हे खरं. पण तो काही फक्त गंजासाठी बसत नव्हता.

भाद्रपदात गौरी आल्या. आता ऐका. विश्रामच्या घरात गौर बसायची ती त्याच कोपऱ्यात. सासू असल्यापासून. आवडाबाईने आठ दिवस आधीपासून सांगायला सुरुवात केली.

"कोपरा मोकळा करा. सारवायचंय."

"साखळी येईल चार दिवसांत. आता हलवलं तर सगळं एकात एक होईल. खालच्या चकत्या वर, वरच्या खाली. पुन्हा जमायचं नाय."

"गोणपाट उचलून परसात न्या."

"परसात पाणी हाय."

मी मधे पडलो. म्हणजे रस्त्यापलीकडून म्हणालो, "अरे, गौर तरी तुझी पायगाडी बघेल. तीही एवढी लांबून पायीच येते." दोघांपैकी कोणी हसलं नाही. तेव्हाच मला उमगायला हवं होतं.

चार दिवसांनी साखळी आली नाही, गौर आली. आवडाबाई सवाष्णींबरोबर तळ्यावरून तेरड्याची गौर घेऊन दारात उभी राहिली. पावलं काढत आत आली. पावलं गोणपाटापाशी अडली. तिने क्षणभर बघितलं आणि वळून चुलीशेजारी, सरपण ठेवतात त्या कोनात गौर मांडली. सण झाला, नैवेद्य झाला, विसर्जनही झालं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ काळुराम बहिणीला भेटायला बाळकुमहून आला, तेव्हा तिचं गाठोडं बांधलेलं होतं.

विश्राम दारात आला. "किती दिवस?"

"घरात पोर नाय," आवडाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून आळीला नीट ऐकू आलं. "वरसातून एक लेक येते माझी, तीन दिवस. तिला सरपणात बसवली. आता घरात जागा होईल तवा मुराळी पाठवा."

काळुरामने गाठोडं उचललं. मग म्हणाला, "येतो दाजी," आणि दोघं गेली.

मुराळी म्हणजे बाईला माहेरी न्यायला किंवा सासरी आणायला जाणारं माणूस. आमच्याकडे रुसून गेलेली बाई मुराळ्याशिवाय परत येत नाही, आणि नवऱ्याने स्वतः जायचं नसतं. दीर जातो, चुलतसासरा जातो. विश्रामला ना भाऊ, ना चुलता.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुम्ही गेलात आप्पा, तर ती येईल की नाय ठाऊक नाय, पण बाळकुमात पुढच्या शिमग्यापर्यंत पुरेल एवढं सांगून याल."

माणसाला पारख होती.

तो एकटाच राहिला. भाकरी स्वतः थापायचा. तिच्या आकारावरून माझी बायको म्हणायची, "याने शेडातच भाजून आणली वाटतं." संध्याकाळी गोणपाटापाशी बसायचा, पण आता तेल लावताना त्याचं लक्ष चुलीशेजारच्या कोनाकडे जायचं. ते मला समोरून दिसे. मी काही मुद्दाम बघत नसे. दार उघडं असे.

पितृपक्ष लागला आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी मुंबईहून खोकं आलं. पार्सल हापिसातून सोडवून विश्राम ते छातीशी धरून आळीत शिरला तेव्हा मी म्हटलं, आता आज याला जेवणही आठवणार नाही. तो स्वतःच्या दारापर्यंत गेला. पायरीवर एक पाय ठेवला. थांबला. मग वळला, रस्ता ओलांडून आला आणि ते खोकं माझ्या ओटीवर ठेवलं.

"राहू द्या इथं घट बसेपर्यंत."

"का रे?"

"पितरांचे दिस. नवी वस्तू घरात घ्यायची नाय. ती घेऊ देत नाय कंदीच."

"अरे, ती आहे कुठं घरात?"

खोक्याला पावसाचा शिंतोडा लागू नये म्हणून त्याने त्यावर फडकं टाकलं आणि तो गेला. एवढे महिने आगबोटीची वाट पाहणारा माणूस, आणि खोक्याची दोरीसुद्धा सोडली नाही. रोज येऊन फक्त फडकं सारखं करायचा. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि दोनतीनदा ते तसंच मिटलं. माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे, असं बायकोचं मत पडलं.

पण गप्प बसायचं ते विश्रामपुढे. गंगुबाई सुकी मासळी घेऊन कल्याण, कशेळी, बाळकुम, ठाणं अशी फिरायची. तारायंत्राला सरकारने उगाच खांब रोवले असं ती आळीत आली की वाटे. ती सुके बोंबील मोजता मोजता म्हणाली, "हे खोकं कसलं वो?" मी सांगितलं. तिने ते बाळकुमात नेलं ते असं: विश्राम पायगाडीचे पितर घालतो, आणि शेजाऱ्याच्या ओटीवर ठेवलेल्या खोक्याला रोज पान वाढतो. बातमी गंगुबाईच्या टोपलीतून गेली की तिला थोडं मीठ लागायचंच.

घट बसले त्या सकाळी विश्रामने खोकं उचललं. दुपारी मला ठोकाठोक ऐकू येईल असं वाटलं होतं. ऐकू आला तो शेणाचा सडा. मग विश्राम माजघरात गेला, गोणपाट जसंच्या तसं, चारी टोकं धरून, शेडातल्या दोन गड्यांच्या मदतीने उचललं आणि चुलीशेजारी सरपणाच्या कोनात नेऊन ठेवलं. एक वाटी कलंडली. त्यातल्या चकत्या इकडेतिकडे पळाल्या. त्या वेचताना तो जमिनीवर बसूनच राहिला आणि म्हणाला, "जमतं की. एवढंच तर व्हतं." गड्यांना वाटलं तो चकत्यांबद्दल बोलतोय.

मग त्याने उगवतीचा कोपरा सारवला. वेडावाकडा, बायकांच्या हाताची वळणं पुरुषाला कुठून येणार? आणि त्या कोपऱ्यात काही ठेवलं नाही. पायगाडी जोडली ती सरपणात बसून, कोपर भिंतीला आपटत. छर्रे वंगणात घोळवून बसवले, साखळी चढवली. खंडेनवमीला शेडातल्या इंजिनांना हळदकुंकू लागलं, घरी पायगाडीला. चाक हाताने फिरवलं ते कितीतरी वेळ फिरत राहिलं, आवाज न करता.

दसऱ्याला पहाटे त्याने कोपऱ्यावर पुन्हा एकदा शेणाचा हात फिरवला आणि सकाळीच पायगाडी घेऊन निघाला. रेल्वेने गेला असता तर ठाण्याला उतरून चटकन पोचला असता. पण पायगाडी होती ना. खाडीपलीकडच्या कोन गावच्या तरीत, म्हणजे होडीत, चढवली, भिवंडीच्या रस्त्याने कशेळीला आणली, पुन्हा होडीत घातली. बाळकुमात शिरला तेव्हा दिवस कलला होता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं. पुढचं मी पाहिलं नाही. काळुरामने सांगितलं, आणि तो माझ्यासारखा पदरचं घालणारा नाही.

काळुराम अंगणात होता. "या दाजी. मुराळी कुठाय?"

विश्रामने पायगाडी पुढे केली. "ही."

"हिनं आणलं तुम्हाला?"

"मी हिला आणलं."

आवडाबाई दारात आली. पायगाडीकडे तिने पाहिलंच नाही. नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं वंगण आणि त्यावर शेण.

"खोकं दुसऱ्याच्या ओटीवर ठेवलं व्हतं म्हणं."

"व्हय."

"मी घरात नव्हते तरी?"

"तू नव्हतीस म्हणून." विश्रामने मुठीवरचा चिखल पुसला. "तू असतीस तर भांडून आत नेलं असतं. कुणी नको बोलणारंच नाय, तर काय न्यायचं."

आवडाबाईने पदर नीट केला. "कोपरा?"

"सारवला. बरा नाय झाला."

"माहीत हाय कसा झाला असंल," ती म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत गेली. गाठोडं पायगाडीच्या बसायच्या कातड्यावर बांधलं. काळुरामने विचारलं, "दाजी, जरा बसून तरी दाखवा." तेव्हा कळलं की हा भला माणूस कल्याणपासून ती ढकलत आणतोय. जोडायला शिकला होता, बसायला शिकायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं कोनच्या तरीतून उतरली तेव्हा मी खाडीवर होतो. योगायोगानेच. एका बाजूने तो मूठ धरून, दुसऱ्या बाजूने ती गाठोड्यावर हात ठेवून, मधे पायगाडी. मी म्हटलं, "काय आवडाबाई, सवत पटली का?" ती म्हणाली, "ओझं वाहते, बोलत नाय. तुमच्यापेक्षा बरी."

घरी गेल्यावर तिने तो कोपरा मोडून पुन्हा सारवला. चुलीशेजारी सरपण परत रचलं. मग पायगाडी कुठं, हा प्रश्न उरला. ओटीवर ठेवावी तर खाडीची हवा तिला खाते. ती उचलून आवडाबाईनेच उगवतीच्या कोपऱ्यात उभी केली. "वरसभर राहू द्या," म्हणाली, "रिकामा कोपरा मना बघवत नाय."

विश्राम पुढे बसायला शिकला. दोनदा गटारात आणि एकदा माझ्या तुळशीवृंदावनात. शेडात पायगाडीवरून जाऊ लागला. पण भाद्रपदात गौरींचा आदला दिवस आला की तो ती पुसून, तेल लावून, रस्ता ओलांडून माझ्या ओटीवर आणून ठेवायचा. मागून आवडाबाई फडकं घेऊन यायची, ते तिच्यावर टाकायची आणि मला बजावायची, "आप्पा, सांभाळा. पोरांना हात लावू देऊ नका."

"किती दिवस गं?"

"तीन दिवस. मग हे येतील न्यायला."

आणि तो यायचा. गौर तळ्यावर पोचवून, ओल्या पायांनी, थेट.