नव्यावर चढलेला जुना खडक

माझे यजमान हिमालयात एका बोगद्याच्या कामावर भूवैज्ञानिक होते. सुरुंग उडाला की समोर उघडा पडलेला खडक तपासायचा आणि पुढे खणायचं की थांबायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. सुट्टीत आखाडा बाळापूरला आले की मला तिकडचे डोंगर समजावून सांगत. आल्प्सपासून हिमालयापर्यंतचे डोंगर एकाच तऱ्हेनं घडले. जमिनीचे मोठे तुकडे एकमेकांवर रेटले गेले आणि मधल्या समुद्राचा गाळ चेपून वर आला.

"तिथं जुना खडक नव्याच्या डोक्यावर चढून बसलाय," ते म्हणत. "अन् दोघांच्या मधे नुसता भुगा. भीती त्या भुग्याची."

एक दिवस बोगद्यात तो भुगाच कोसळला. हे नकाशा आणायला बाहेर आले होते. रोज यांच्यासोबत जेवणारा सहकारी आत राहिला. त्याला काढलं तेव्हा बुटांवरून ओळखावं लागलं.

हे घरी आले ते नोकरी सोडूनच. दार नुसतं लोटलं तरी यांचा श्वास कोंडायचा. बाज अंगणात, जेवण अंगणात, पाऊस आला तर पडवीत. सासूबाई विचारायच्या, "घरात काहून येऊन न्हाई राहिला रे बाबा? आपल्या घरावर कोणता डोंगर हाय?" हे ताटाकडे बघत बसायचे.

आमच्याकडे जमिनीतून अधूनमधून गुरगुर ऐकू येते, तिची सवय झालेली. पण एका सकाळी जमीन हलली आणि मांडणीवरची भांडी खाली आली. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर पळाले. सगळी गल्ली रस्त्यावर. सासूबाई न्हाणीत होत्या. मी ओरडेपर्यंत हे आत शिरले होते. ओल्या लुगड्यासकट आईला उचलून घेऊन आले.

त्या पदर पिळत हसल्या. "गेला का न्हाई घरात! सुटली भीती."

मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी मी यांचं अंथरूण आत घातलं. हे चौकटीपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

"आई होती म्हणून गेलो," म्हणाले. "बोगद्यात त्याच्यासाठी न्हाई गेलो मी."

अंथरूण गुंडाळून मी परत बाजेवर नेऊन टाकलं.

आता हे कळमनुरीला शिकवणीत भूगोल शिकवतात. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. तीन बाजूंना भिंती नाहीत, म्हणून हो म्हणाले.