टिप्याची पेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले त्या माझ्या लेकीला, सोनीलाही नाही. तुम्ही ऐकाल आणि म्हणाल, एवढंच? एका कुत्र्याच्या खेळण्याची तर गोष्ट! म्हणा. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते.

नव्वदच्या दशकात आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत राहायचो. शेजारच्या क्वार्टरमध्ये मालगाडीचे गार्ड होते. सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणायची. बायको वारलेली, मुलगा मांडवगणला शेती बघायचा. घरात आबा आणि टिप्या, दोघंच. टिप्या म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं साधं गावठी कुत्रं. आबा ड्यूटीवर गेले की थेट दुसऱ्या दिवशी उगवायचे, तोवर टिप्या मागच्या अंगणात एकटा.

"येकटं बसून बसून कुत्रं येडं हुतं, सुनबाई. त्येच्या डोक्याला काम पायजे," असं आबा म्हणायचे. गार्ड लोक कंदील-झेंडे ठेवायला पेटी नेतात ना, तसली एक जुनी पेटी त्यांनी घेतली आणि तिला तीन कप्पे केले. एकाला सरकतं झाकण, दुसऱ्याला नाकानं उचलायची खिट्टी, तिसऱ्याला दातानं ओढायची दोरी. आत भाकरीचे तुकडे. टिप्या आठवड्याभरात तिन्ही शिकला. पोरंटोरं भिंतीवर चढून बघायची, टाळ्या पिटायची. आबा लाइनीवर असले की कप्पे भरायचं काम माझ्याकडं होतं. अंगणाची किल्लीच दिली होती त्यांनी मला.

आणि मी भरायचे. सुरुवातीला मनापासून भरायचे — हेही खरं आहे.

मग काय झालं? नवरा रात्रपाळी करून दुपारी झोपायचा आणि पेटीची खडखड व्हायची — हे कारण मी स्वतःला कितीदा दिलंय! पण तो माणूस गाड्यांच्या आवाजात झोपायचा हो. त्याला पेटीचं काय?

खरं कारण सोनी होती. पहिलीत होती. अक्षरं तिच्या डोक्यात टिकत नव्हती, आणि बाईंनी तिला पुन्हा पहिलीतच बसवायचं ठरवलं होतं. मी तिला बडवून शिकवत होते, रडत होते, घरात कुणाशी धड बोलत नव्हते. अशात एक दिवस अंगणात सगळे जमलेले असताना आबा हसत म्हणाले, "सोने, तुज्या आदी आमचा टिप्याच दुसरीत जातुय बग!" सगळे हसले. सोनी तर सगळ्यात मोठ्यानं हसली. आबांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी घरात आले आणि दार लावून घेतलं. एकदा, एकदा तरी त्या कुत्र्याला जमू नये — एवढंच डोक्यात.

आबा लाइनीवर गेले. मी कप्प्यांत भाकरी भरली आणि खिट्टीला तार पिळली. झाकणाच्या फटीत खिळा ठोकला. दोरी आतून बांधून टाकली. वास येत होता, पण उघडत काहीच नव्हतं.

आणि मी तिथं उभी राहून बघत होते. हेच सांगायचं होतं, हेच जिभेवर येत नव्हतं. टिप्यानं झाकण सरकवून पाहिलं, मग खिट्टी, मग दोरी, मग पुन्हा झाकण. माझ्याकडं बघून शेपटी हलवली — किल्ली माझ्याकडं होती ना. हिरड्यातून रक्त आलं तरी तो ओढतच होता. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. संध्याकाळी त्याच्यापुढं वेगळी भाकरी टाकली, म्हणजे उपाशी ठेवला नाही असं म्हणायला मोकळी! आबा यायच्या आत तार, खिळा सगळं काढलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

मग टिप्यानं सोडून दिलं. आबांनी पेटी पुढं ठेवली तर तो तोंड फिरवून बसला. आबांनी स्वतः खिट्टी उचलून दाखवली, दोरी त्याच्या तोंडात दिली. तो उठून भिंतीकडं जाऊन बसला. आबांचा चेहरा बघवत नव्हता. मला म्हणाले, "काय झालं आसंल ओ ह्येला?"

तेव्हा बोलायचं होतं. बोलता आलं असतं.

मी म्हणाले, "वय झालं असेल, आबा."

"वय? आवं, आत्ता पाच वर्सांचा हाय त्यो." मग टिप्याकडं बघत म्हणाले, "आसंल. तुमी रोज बगता, तुमाला म्हाईत."

त्यांनी पेटी माळ्यावर टाकली. टिप्या अंगणात पडून राहायचा आणि पुढचा पाय चाटत बसायचा. चाटून चाटून तिथले केस गेले, कातडी लाल झाली. आबा हातानं भाकरी कुस्करून भरवायचे, जसं खरंच म्हाताऱ्याला भरवावं. विचारील त्याला सांगायचे, वय झालंय त्याचं. माझेच शब्द.

सोनीचं म्हणाल तर ती पुढं हळूहळू शिकली. टिप्याचा त्यात काहीच संबंध नव्हता.

आबा निवृत्त होऊन मांडवगणला निघाले, त्या दिवशी टेम्पो दाराशी उभा होता आणि टिप्या सामानात दबून बसला होता. आबा ती पेटी घेऊन माझ्या दारात आले. पुसून स्वच्छ केलेली. म्हणाले, "सुनबाई, ही सोनीला ऱ्हाऊ द्या खेळायला. माज्या माघारी तुमीच तेवढा जीव लावला हो त्येला."

मी हात पुढं केले, पेटी घेतली आणि म्हणाले, "एवढं काय त्यात, आबा."