सरांचं गाव आणि माझा बुधवार

फ्रान्समधल्या एका खेड्याचा निम्मा कारभार गेली काही वर्षं कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून चालला, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस निवृत्त झाल्यापासून फारच थापा मारायला लागलाय. थापा मी मारतो, हे खरं आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या थापेची लाज वाटते म्हणूनच हे लिहायला बसलोय. पण कारभाराची गोष्ट मात्र अक्षरशः खरी. आमच्या डोक्यावर राहणारे सर हे एका कॉलेजात तेहेतीस वर्षं फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले आणि फ्रान्स एकदाही न पाहिलेले गृहस्थ. तरुणपणी कॉलेजनं त्यांना पाठवायचं ठरवलं होतं. नेमका त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगवायू झाला. सरांच्या जागी दुसरे प्राध्यापक जाऊन आले आणि पुढे जन्मभर सरांचे उच्चार सुधारत राहिले. “ते एकदा घरी येऊन फ्रेंच बोलले होते. वडील ते ऐकून उठून पळत सुटतील अशी मला आशा होती,” एवढंच सर त्यावर म्हणत. आता पंचाहत्तरी उलटली, हृदयात दोन स्प्रिंगा बसल्या, डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं, आणि विषय संपला.

संपला असं आम्हाला वाटलं. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना इंटरनेटवरची एक जागा दाखवली. म्हातारपणी आपला देश सोडून फ्रान्सच्या खेड्यांत राहायला गेलेली इंग्रज माणसं तिथे एकमेकांना अडचणी विचारतात. ही माणसं तिथे का जातात ते सरांनी मला समजावलं होतं. ऊन असतं, मोठं दगडी घर मिळतं, आणि भाषा येत नसल्यामुळे शेजारी आपल्याविषयी काय बोलतात ते कळत नाही. “या शेवटच्या सुखासाठी मीसुद्धा गेलो असतो,” असं म्हणताना त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दाराकडे पाहिलं. तर तिथे एका बाईंनी, जुनी पाणचक्की विकत घेऊन तिच्यात एकट्या राहणाऱ्या विधवा इंग्रज बाईंनी, ग्रामपंचायतीचं पत्र टाकून विचारलं होतं की यात मला धमकी दिलीय की आमंत्रण? सरांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं: आमंत्रण आहे, पण गेला नाहीत तर धमकी समजा. त्या दिवसापासून बाई सरांच्या झाल्या. त्यांच्या पाठोपाठ त्याच गावात शेळ्या पाळणारं एक इंग्रज जोडपंही आलं. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी साठ वर्षं ऐकत आलो होतो. कर्वेनगरातून हाकताना प्रथमच पाहिलं.

सरांचं सगळं चित्त त्या गावात. इथे एप्रिलचा उन्हाळा भाजून काढत असताना जिन्यात भेटले की म्हणायचे, “पहाटे फार गारठा होता हो, बाईंच्या गुलाबांचं काही खरं नाही.” रविवारी सकाळी अस्वस्थ असायचे, कारण रविवारी तिथले लोक रानडुकरांच्या शिकारीला निघतात आणि बाई नारिंगी जाकीट न घालता फिरायला जातात. गावातल्या चर्चची घंटा प्रत्येक तास दोनदा वाजवते, दोन मिनिटांच्या अंतरानं, म्हणजे पहिल्यांदा मोजायचं चुकलं तर दुसऱ्यांदा मोजता यावं. हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलंय. बेकरी बुधवारी बंद. दुपारी बारा ते दोन सगळंच बंद. यावर बाई एकदा फार वैतागल्या तेव्हा सरांनी कळवलं की मी पुण्याचा आहे, मला यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. भेटल्यावर गालाला गाल किती वेळा लावायचे, हाही प्रश्न त्यांच्याकडेच आला. लग्नात भटजींनी सांगितलं तेवढाच वेळ बायकोचा हात धरलेला हा माणूस, पण सरपंचांशी कोणत्या गालापासून सुरुवात करायची ते त्यांनी मुद्देसूद लिहून पाठवलं.

काम चोख करण्याचा तर त्यांना रोगच. बाईंच्या मैलापाण्याच्या टाकीची तपासणी निघाली, तिचं चार पानी पत्र आलं. सरांना त्यातला शब्द न् शब्द माहीत, वस्तू एकही माहीत नाही. जन्म गेला शहरात! तेव्हा मला बरोबर घेऊन, बस बदलत, ते माझ्या चुलतभावाकडे मांजरी गावाला आले आणि उसाच्या कडेला असलेला त्याचा शोषखड्डा त्यांनी वाकून वाकून अर्धा तास पाहिला, वहीत आकृती काढली, वास कोणत्या दिशेनं येतो ते लिहून घेतलं. भाऊ बिचारा टोपी हातात घेऊन उभा. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, मास्तर बरं हाईत ना? घरात चांगला चहा टाकलाय अन् हे हितं काय बघत्यात?” दुसऱ्या दिवशी सरांनी तिथल्या तपासनिसाच्या दोन चुका दाखवून दिल्या. प्लंबरचं तर विचारूच नका. येतो मंगळवारी, येतो मंगळवारी म्हणून त्यानं बाईंना सहा आठवडे झुलवलं. सरांनी इथून फोन लावला आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं की मंगळवार समजला, साल कोणतं तेवढं कळवाल का? प्लंबर तासाभरात हजर! मात्र त्यानं बाईंना सांगितलं, तुमचे ते पाहुणे नक्की पॅरिसचे असणार, इतका सभ्य अपमान दुसरं कोणी करत नाही. सर महिनाभर खुशीत होते.

आणि मग मी युरोपच्या सहलीला निघालो. आमची बँकेतली निवृत्त मंडळी, अकरा दिवस, सात देश. बायकोचे गुडघे तयार नव्हते म्हणून मी एकटाच. कार्यक्रमपत्रिकेत पॅरिसला एक बुधवार मोकळा होता. ते कळलं मात्र, सर स्वतः जिना उतरून आमच्याकडे आले. एरवी ते कोणाकडे जात नाहीत. लोकांना चहा करावा लागतो म्हणून. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “एक काम आहे. नाही म्हणालात तरी चालेल.” काम असं होतं: सकाळच्या गाडीनं अडीच तास जायचं, टॅक्सीनं गावातल्या चौकात उतरायचं आणि तिथून बाईंच्या घरापर्यंत चालत जायचं, फोनवर व्हिडिओ लावून. “वाट मी सांगेन. तुम्ही फक्त फोन समोर धरा. बारा मिनिटांचा रस्ता आहे.” बाई जेवायला थांबणार होत्या. त्यांना थालीपीठ लावायला सरांनीच पत्रातून शिकवलं होतं, म्हणून कात्रजच्या बहिणीकडून त्यांनी भाजणी करून आणली, तीन पिशव्यांत घट्ट बांधून माझ्याकडे दिली. वर एक पत्र. मी छाती फुगवून म्हणालो, “सर, हे काय काम झालं? समजा, झालं.”

तो बुधवार मी आता सांगतो, कारण न सांगून भागणार नाही. सकाळी मी तयार होतो. भाजणी पिशवीत होती. नाश्त्याला मंडळी म्हणाली, कुठं एकटा तडमडतोस, भाषा येत नाही, चुकलास तर कोण शोधणार? आज सगळे मोठ्या दुकानात जायचंय, उतरत्या भावात बॅगा आहेत. मला म्हणता आलं असतं की नाही, मला जायचंय. खरं सांगू? मला हायसं वाटलं. मी घाबरलो होतो. बँकेत चाळीस माणसांवर डाफरणारा मी, एका परक्या स्टेशनावर तिकीट काढायला घाबरलो. बॅगांच्या रांगेत उभा राहून मी सरांना निरोप टाकला: “पोचलो. रेंज नाही, व्हिडिओ लागत नाही. गाव फार सुंदर.” पुण्यात तेव्हा दुपारचे तीन वाजले असणार. आयुष्यात दुपारची झोप न चुकवलेले सर फोन समोर ठेवून बसलेले असणार. मी चाकांची निळी बॅग घेतली.

घरी आल्यावर बायकोनं सामान उपसलं आणि भाजणीच्या तिन्ही पिशव्या टेबलावर मांडल्या. “ही परत कशी आली?” मी सांगितलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट. “आत्ताच्या आत्ता वर जा आणि खरं काय ते सांगा,” म्हणाली, “आणि ही भाजणी या घरात शिजणार नाही.” मी वर गेलो. जाताना मनाशी वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण दार उघडलं तर आत सरांनी, मी सहलीला निघण्याआधीच सांगून, दोन जुने विद्यार्थी बोलावून ठेवलेले, खास माझा वृत्तांत ऐकायला. सरांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. चहाबरोबर चकली. “या, या! आमच्या गावाला जाऊन आलेला पहिला माणूस!” ते म्हणाले. झालं, माझं वाक्य तिथेच गिळलं गेलं. खोटं बोल पण रेटून बोल, या न्यायानं मी सुटलो. चौक सांगितला, घंटा सांगितली, दोनदा वाजलेली सांगितली, बाईंनी केलेलं थालीपीठ सांगितलं. सरांचे डोळे नुसते चमकत होते असं मला तेव्हा वाटलं. आणि रंगाच्या भरात मी म्हणालो, “रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून बेकरीतून ताजा पाव घेतला.”

एक विद्यार्थी चटकन म्हणाला, “पण सर, बुधवारी बेकरी बंद ना?”

सरांनी कप बशीत ठेवला, सरळ केला. विद्यार्थ्यांच्या निबंधात एक टिंब चुकलं तरी पान परत पाठवणारे सर. ते शांतपणे म्हणाले, “त्या बुधवारी उघडी होती. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं त्या आठवड्यात. बाईंनी कळवलं होतं मला.” मग माझ्याकडे चकल्यांची बशी सरकवून म्हणाले, “घ्या ना, तुम्ही काहीच घेतलं नाहीत.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी खरंच तोंडात मारली असती तर निदान मी घरी येऊन शेकत बसलो असतो. त्या दिवसापासून मी सरांना टाळायला लागलो. वरून त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी दारातून परत आत. एकदा जिन्यात समोरासमोर येणार म्हणताना मी चक्क पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बेल दाबली आणि त्यांनी दार उघडल्यावर “काही नाही, सहज” म्हणून उभा राहिलो. चार महिने असे काढले. भाजणीला किडे झाले, बायकोनं ती एक शब्द न बोलता टाकून दिली. तिचं एकच पालुपद: “ते काही म्हणणार नाहीत हो. म्हणूनच तुम्ही सांगायला हवं.”

शेवटी एका संध्याकाळी गेलो. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते, पडदा काळा होता. “बरं झालं आलात,” ते म्हणाले. “आत्ताच बाईंशी बोलणं झालं. उद्या निघतायत त्या, मुलीकडे, इंग्लंडला. एकटीनं होत नाही म्हणाल्या. चक्की पॅरिसच्या एका जोडप्यानं घेतली. शेळ्यावाले तर मागेच गेले.” मग हसले. “नव्या लोकांना फ्रेंच येतं. त्यांना माझा काय उपयोग?” मी दारातच उभा होतो. म्हटलं, “सर, मी त्या बुधवारी गेलोच नव्हतो.” आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. “मी घाबरलो. मी बॅग घ्यायला गेलो. आणि वर तुमच्यासमोर बसून…”

“ठाऊक आहे,” सर म्हणाले. “त्याच संध्याकाळी बाईंची मेल आली होती, तुमचे स्नेही आले नाहीत, बरे आहेत ना म्हणून. मी कळवलं, पोट बिघडलं त्यांचं.” तेहेतीस वर्षं मुलांना कॉपी करू न देणारा हा माणूस माझ्यासाठी दोनदा खोटं बोलला होता. आणि त्या गावात त्यांचं माणूस जाण्याची जी एकच संधी होती, ती मी एका निळ्या बॅगेवर घालवली होती. मला रडू यायला लागलं, या वयात.

“बसा,” ते म्हणाले. “तुमचं राहून गेलं ना गाव बघायचं? उद्यापासून तिथे आपलं कोणी नाही. आजच बघून घ्या. डोळे मिटा बघू.” मी मिटले. “हं, चौकात उतरलात. टॅक्सीवाल्याला मेर्सी म्हणा, तुम्ही विसराल. उजवीकडे बेकरी. बुधवार आहे, बंद आहे, थांबू नका. चर्चला वळसा घाला. आता उतार आहे, खडी आहे, जपून. डावीकडे पाण्याचा आवाज येईल. आला?” खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं. पण खरं सांगतो, आला. सर सावकाश सांगत होते, प्रत्येक वळणाला मला गाठू देत होते, म्हाताऱ्या माणसाला हात धरून न्यावं तसं. भिंतीवरची वेल, तुटका दिवा, मग शेवटचं वळण. “हे फाटक. इथे त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या, साडेअकरापासून. तीन वाजेपर्यंत होत्या हो. आता दार वाजवा. त्या आत आहेत अजून. आजचा दिवस आहेत.”

मी डोळे मिटून तसाच बसलो होतो. “वाजवा ना,” सर हळूच म्हणाले. माझा हात काही उचलेना.