मोठा, दोन अक्षरी

आई वडनेरहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून रोज सकाळी पेपरमधलं शब्दकोडं सोडवते. तिची शाळा चौथीपर्यंत. पेन्सिलीनं लिहिते आणि रोज चार-पाच घरं रिकामी राहतात. सात महिन्यांत एकही कोडं पुरं झालं नव्हतं. मी मोजत होतो.

एका मंगळवारी तिनं पेपर माझ्यापुढं धरला. "पाह्य, एक घर नाई राह्यलं."

मी तपासायला बसलो. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची मोजमापं तपासतो, ती खोड घरीही सुटत नाही. 'मोठा', उभा शब्द, दोन अक्षरं. तिनं लिहिलं होतं 'बडा'. त्या दोन घरांतून आडवा शब्द जात नव्हता, म्हणजे ताळा घ्यायची सोय नाही.

"हे हिंदी हाये, आई. विशाल, विराट, प्रचंड तीन अक्षरी. अवाढव्य चार. दोनात थोर बसते."

"मंग तुया हापिसातले बडे बाबू काय हिंदी हायेत?"

स्वयंपाकघरातून बायको हसली. मी 'बडा' खोडून पेनानं 'थोर' लिहिलं.

बुधवारी उत्तर छापून आलं: बडा. आई आंघोळीला गेली होती. मी ते पान घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आज कोड्याचं पान काऊन नाई?"

"आलंच नाई," मी म्हणालो.

तेव्हापासून ती लिहिण्याआधी मला विचारायला लागली, "हे मराठीच हाये ना?" मी घरी नसलो की कोड्यातली घरं रिकामी ठेवायची. चार-पाचाची पंधरा-सोळा घरं झाली. इकडे मी ऑफिसात दिवसातून दहा वेळा 'बडे बाबू' म्हणत होतो.

परवा ते पान तिच्यापुढं ठेवलं. खोटं बोललो, तेही सांगितलं. तिनं चष्मा लावून, बोट ठेवत उत्तर वाचलं.

"माह्यं कोडं कुठी हाये?"

"रद्दीत गेलं."

"तेच एक पुरं झालं होतं, बाबू."

मग तिनं त्या दिवशीचा पेपर ओढला. पहिले दोन शब्द तिनं न विचारता लिहिले. तिसऱ्याला पेन्सिल थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तूच लिही," मी म्हणालो. तिनं त्या शब्दाची घरं रिकामी सोडली.